दोन्या सोलेदादची न तुटणारी माळ

फोन वाजला तेव्हा मेल्चोरच्या हातात चिमटा होता, चिमट्यात सोन्याची कडी होती आणि तोंडात कॉफीत बुडवलेला पांदेसाल पाव होता. तिन्हींपैकी आधी काय सोडावं हे ठरेपर्यंत फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला, म्हणजे काम निकडीचं होतं. पलीकडून तेसी बोलत होती, पाच दिवसांपूर्वी वारलेल्या दोन्या सोलेदादची, म्हणजे गावाच्या सोलेदादबाईसाहेबांची, थोरली मुलगी. ती चर्चमधून दबक्या आवाजात बोलत होती आणि तिच्या मागं कुणीतरी कुणाला तरी "जोर लाव, अजून जोर लाव" असं सांगत होतं. "कुया मेल्चोर," थोरल्या भावाला म्हणतात तसं ती म्हणाली, "आईच्या हातातली माळ तुटत नाहीये." मेल्चोरनं घास गिळला. त्याच्या अंगावरून सरसरत गेलं ते दुःख नव्हतं आणि भीतीही नव्हती. तो अभिमान होता, आणि सकाळी साडेनऊला, एका प्रेताच्या बातमीवर, रिकाम्या दुकानात आपल्याला तो वाटावा याची त्याला स्वतःलाच लाज वाटली. पण तोंड लाजेच्या आधी धावलं. "तुटणार नाहीच," तो म्हणून गेला. मग तेसी म्हणाली, "कौतुक घरी करा. पेटी बंद करायचीय, फादर घड्याळ बघतायत, आणि माळ तुटल्याशिवाय मी झाकण लावू देणार नाही. तुम्हीच केलीय ना? मग तुम्हीच या आणि तोडा."

मेल्चोरनं कडी डबीत ठेवली, चिमटा पुसला, आणि पुसत राहिला. मेकावायान गावात मेलेल्या माणसाच्या बोटांत जपमाळ गुंडाळतात आणि झाकण लावायच्या आधी ती तोडतात, हे त्याला काय कुणी सांगायला हवं होतं? अख्खी माळ मातीत गेली तर मरणाचीही माळ लागते. एक मणी सरला की दुसरा, घरातली माणसं ओळीनं जातात. मागच्या आळीतल्या एका घरात गडबडीत तोडायची राहिली, तर वर्षात तिघं गेली. त्यांतली एक चौऱ्याण्णव वर्षांची होती आणि एकजण आंब्यावरून पडला होता, पण गाव मोजायला बसलं की वय बघत नाही. यात अवघड काही नसायचं. लाकडी मण्यांची, दोऱ्यात ओवलेली माळ असते, जावई एक हिसका देतो, सुटते. सोन्या-चांदीची असली तरी बाकीचे कारागीर कड्या नुसत्या दुमडतात, नखानं उघडतात. मेल्चोर दुमडत नव्हता. तो प्रत्येक कडीचं तोंड टाकणखार लावून, फुंकणीनं निमुळत्या केलेल्या बत्तीच्या जाळानं झाळून बंद करायचा आणि वर पुन्हा एकदा झाळायचा. एका माळेत एकोणसाठ मणी आणि एकशे ऐंशी कड्या, म्हणजे तीनशे साठ वेळा फुंकर रोखून धरायची. दुकानावर पाटी होती, निळ्यावर पिवळी: "मेल्चोरची माळ. तुटणार नाही." त्याच्या महागड्या माळा लेकी-सुना ठेवून घेत, पेटीत साधीच जायची, म्हणून बत्तीस वर्षांत त्या पाटीचा हाही अर्थ असू शकतो हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

आतून लुमिंग आली, ओल्या हातांनी. त्याची बायको. तिला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत असे, आणि जे ऐकू येत नसे तेही कळत असे. "काळा शर्ट घाल," ती म्हणाली. "तो चुरगळलेला नको. आणि जायच्या आधी हसू पूस तोंडावरचं." "मी हसत नाहीये." "हो का? मग तुझ्या तोंडाला काय झालंय?" तिच्या गळ्यात तिची जपमाळ होती, प्लॅस्टिकची, अंधारात हिरवी चमकणारी. नणंदेनं कुठल्याशा यात्रेहून डझनानं आणलेल्यांतली एक. एकतीस वर्षांपूर्वी, लग्न नवं असताना, लुमिंगनं त्याच्याकडं एक माळ मागितली होती. सोन्याचीच पाहिजे असं नाही, चांदीची चालेल, पण तुझ्या हातची. तो म्हणाला होता, हातातलं काम संपलं की तुझीच. हातातलं काम संपलं नाही. तीही पुन्हा बोलली नाही, आणि मेल्चोरला इतकी वर्षं वाटत आलं की ती विसरली. आता दाराशी उभ्या असलेल्या तिच्या गळ्यातले ते हिरवे मणी त्याला उगाच टोचले. त्यानं कातरपकड पिशवीत टाकली, मग काढून छोटी टाकली, मग दोन्ही टाकल्या.

तीनचाकीत बसल्यावर वाऱ्यानं शर्ट फुगला आणि दोन्या सोलेदाद आठवली, जिवंत, म्हणजे भांडताना. बावीस वर्षांपूर्वी ती दुकानात आली तीच मुळी हातात तुटलेली माळ घेऊन. तिचा नवरा आजारी होता तेव्हा तिनं नऊ दिवसांचं व्रत धरलं होतं, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातची नाजूक माळ तीनदा तुटली, तिन्ही वेळा तिसऱ्या दशकात, दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीत. तुटली की मोजणी चुकायची, चुकली की पहिल्यापासून सुरू. व्रत पुरं व्हायच्या आत नवरा गेला. दुसरी एखादी देवावर रागावली असती. दोन्या सोलेदाद सोनारावर रागावली. "मला अशी माळ पाहिजे," ती म्हणाली होती, "की मी थकेन पण ती थकणार नाही." त्यानं आठ महिने काढले. तारेच्या जाळीचे पोकळ मणी, आत फुंकर घातली तर दुसऱ्या बाजूनं गालाला लागावी असे. माळ दिली, आणि चौथ्या दिवशी ती परत घेऊन आली. एक कडी लांबल्यासारखी वाटते म्हणे. का लांबली, तर बाईनं माळ खुंटीला टांगून तिला चार किलोचा फणस लटकवला होता. "फणस का पण, दोन्या?" मेल्चोरनं विचारलं होतं, अगदी रडकुंडीला येऊन. "कलिंगडाला देठ कुठाय धरायला?" ती म्हणाली होती. अशी चार वेळा परत आली. पाचव्यांदा आली ती माळ मनगटाला गुंडाळूनच, आणि माळ न दाखवता खुर्चीत बसली, लुमिंगनं दिलेला भाताचा केक खाल्ला, आणि म्हणाली, "मला आता घाई नाही, मेल्चोर. ही तुटेपर्यंत घरचे मला पुरू शकणार नाहीत." मग कितीतरी वेळ हसली. त्यानंही हसून साजरं केलं. गिऱ्हाईक हसलं की हसावं, का हसलं ते घरी गेल्यावर बघावं, हा धंद्याचा नियम. ते हसू घरी येऊन बघायला बावीस वर्षं गेली होती.

नाक्यावर तीनचाकी थांबली तर समोरच्या दुकानातला दागिनेवाला पास्कुआल ओरडला, "अभिनंदन, मेल्चोर! चौघांनी ओढली म्हणे!" म्हणजे बातमी पोचली होती. मेल्चोरनं मान अशी हलवली की त्यातून शोकही निघावा आणि आभारही. पण मग मनात आलं, आता काय होईल? उद्यापासून गाव माळ घ्यायला येईल, की कुणीच येणार नाही? आयुष्यभर जी गोष्ट गुण म्हणून विकली ती चर्चच्या दगडी फरशीवर अवगुण होऊन पडली होती. नाकापेक्षा मोती जड. आणि याच्याही खाली एक वेगळीच अस्वस्थता होती. तिला तो ओळखत होता, पण तिच्याकडं बघत नव्हता. पिशवीतल्या दोन पकडी खड्ड्यांवर एकमेकींवर आपटत होत्या. ही माळ आपण कापायची. ज्या हातानं झाळली त्याच हातानं. दुसरी अशी आता होणार नव्हती. डोळे राहिले नव्हते, हात कापत नव्हता पण विचार करायला लागला होता. त्याला वाटलं, तीनचाकीचं चाक पंक्चर व्हावं. झालं नाही.

चर्चमध्ये शिरला तर माणसांनी डॉक्टरला द्यावी तशी वाट दिली. पेटीभोवती घामाघूम गर्दी होती. तेसीचा नवरा तळहातावर फुंकर घालत बसला होता, तिथं माळेचे वळ उठले होते. मयताच्या गाडीवाल्यानं आधी ओढून आणि मग कात्री लावून पाहिली होती, कात्रीच्या धारेला खाच पडली होती. मग दोन नातवांनी दोन बाजूंनी धरून ओढली, तर माळ राहिली तशीच आणि आजीचा हात कोपरापर्यंत वर उठून सगळ्यांना निरोप दिल्यासारखा हलला. दोन बायका किंचाळल्या आणि एक म्हातारा सवयीनं उलट हात हलवून मोकळा झाला. त्यानंतर माळ्यानं झुडपं कापायची कात्री आणली ती तेसीनं परत पाठवली होती. "आईच्या हातावर ती नाही चालवू देणार मी," ती म्हणाली, आणि मग मेल्चोरला बघून, "शेवटी सोनारानंच कान टोचावे लागतात. या कुया." मेल्चोर वाकला. हात आपोआप खिशात गेला, भिंग निघालं, डोळ्याला लागलं. सगळं चर्च श्वास रोखून थांबलं. त्यानं एकेक कडी बघितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "एकसुद्धा लांबली नाही," तो म्हणाला. "चौघांनी ओढून एकसुद्धा नाही, बघा तुम्ही!" "कुया," तेसी दातांतून म्हणाली, "बाहेर नवरीची गाडी येऊन थांबलीय. अकराचं लग्न आहे. पेटी आणि नवरी दारात समोरासमोर आली तर मला त्यांच्याही शिव्या खायला लागतील." फादर म्हणाले, "मुला, लवकर." फादरांचं वय चौतीस आणि मेल्चोरचं सदुसष्ट, पण तिथं तेच बाप होते.

त्यानं पकड काढली, आणि हात पुढं जाईना. "बत्ती लावून झाळलेलं तोंड मोकळं केलं तर?" तो म्हणाला. "कापायला नको. कडी शाबूत राहील." फादरांनी पेटीतली लेस बघितली, फुलं बघितली, मेणबत्त्या बघितल्या, आणि नुसतं "नाही" म्हणाले. मागं कुणीतरी खुसखुसलं. मेल्चोरनं मान खाली घातली आणि मान खाली गेल्यावर जे नेहमी व्हायचं तेच झालं. त्याचे डोळे फरशी शोधू लागले. साठ वर्षं तो चर्चमध्ये आला की आधी फरशी बघायचा, बाकांखाली, खांबांच्या बुडाशी. सात वर्षांचा होता तेव्हा याच फरशीवर आईची पेटी ठेवली होती. बापानं आईच्या हातातली माळ धरून हिसका दिला, काळ्या लाकडी मण्यांची, दोऱ्याची, आणि सगळे मणी एकदम सांडले. टपटपत, घरंगळत, लोकांच्या बुटांमधून, बाकांखालून दूर दूर गेले. लोकांना वाटलं पोरगं रडतंय म्हणून लोळतंय. तो रडत नव्हता, मणी गोळा करत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला ठाऊक होतं की सगळे मिळाले तर हे रद्द होईल. सगळे म्हणजे एकोणसाठ, आईनंच मोजायला शिकवले होते. अठ्ठावन्न मिळाले. मग त्याला उचलून बाहेर नेलं. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, लुमिंगलाही नाही. पण कड्या झाळताना, तीनशे साठ वेळा फुंकर रोखताना, तो कशासाठी रोखतोय हे त्याला आज, या सगळ्या लोकांसमोर, भलत्याच वेळी कळलं. तो माळा करत नव्हता. तो साठ वर्षं तो एक हिसका अडवत बसला होता.

"कुया," तेसी त्याच्या कानाशी आली. आता तिच्या आवाजात धार नव्हती. "माझा थोरला जहाजावर आहे. धाकटीला आठवा महिना आहे. मला माहितेय तुमची जीव लावून केलेली वस्तू आहे. पण मला भीती वाटते हो. तोडा ना." तेव्हा मेल्चोरनं दोन्या सोलेदादच्या तोंडाकडं बघितलं. पावडरीखाली, ओठांच्या कोपऱ्यात, तेच हसू होतं, भाताचा केक खाल्ल्यानंतरचं. म्हातारीनं बावीस वर्षं वाट बघितली होती या गमतीची. "लबाड," तो पुटपुटला, आणि त्याला रडू आलं, आणि शेजारच्या बाईनं लगेच त्याला मागं खेचलं, कारण पेटीवर आसू पडलेलं चालत नाही. तो पुन्हा पुढं झाला. कडी कुठली कापायची ते ठरलेलंच होतं. तिसऱ्या दशकातली, जिथं तिची मोजणी तुटायची तिथली. पकडीचं तोंड लावलं, डोळे मिटले, आणि दाबलं. नखाएवढा आवाज झाला. मेल्चोर तसाच वाकून राहिला, कान फरशीकडं लावून, दगडावर टपटप ऐकायला. काही पडलं नाही. त्यानं डोळे उघडले. एक कडी उघडली होती. माळ दोन टोकांनी सुटून दोन्याच्या बोटांवर पडली होती, आणि सगळे मणी आपापल्या जागी होते, कारण उरलेल्या एकशे एकोणऐंशी कड्या बंद होत्या. तुटली होती, सांडली नव्हती. "एवढंच?" एक नातू म्हणाला. "एवढंच," मेल्चोर म्हणाला. झाकण लागलं, गेलेलीनं मागून बोलावू नये म्हणून धाकट्या पोरांना पेटीवरून पलीकडं उचलून दिलं, बाजूच्या दारानं पेटी गेली आणि मोठ्या दारानं नवरी आत आली. त्याच्या हातचं सगळ्यात सुंदर काम आता मातीत चाललं होतं, आणि त्याचं वाईट वाटतच होतं, ते लपवायचं काय कारण?

मयताहून सरळ घरी जायचं नसतं, गेलेला मागं मागं येतो. कुठंतरी थांबून त्याला चुकवायचं. मेल्चोर एरवी कोपऱ्यावरच्या शेवयांच्या टपरीत थांबायचा. आजही बसला, बशी समोर आली, आणि त्याला वाटलं की दोन्या सोलेदाद काही शेवयांनी चकणारी बाई नाही. मग तो उठला आणि तारेच्या दुकानात गेला, आणि तिथून त्यानं चांदीची तार घेतली, मध्यम जाडीची. घरी आल्यावर लुमिंगनं विचारलं, "तुटली?" तो म्हणाला, "तुटली." ती म्हणाली, "जेवून घे." तार कुणासाठी आणली हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानं त्या दिवसापासून दुपारी दोन ते पाच दुकानाचं दार अर्धं लोटून घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं आली ती परत पाठवली. आली, हे मात्र खरं. बायका यायच्या, पाटी वाचायच्या, आणि हळूच विचारायच्या, "तोडायला तुम्ही येणार ना पण?"

सात आठवडे लागले. मणी पूर्वीइतके पातळ झाले नाहीत, दोन तर चक्क बोजड झाले, ते त्यानं मागच्या बाजूला लपवले. कड्या झाळत गेला. पहिल्या दशकातल्या, दुसऱ्यातल्या, चौथ्या-पाचव्यातल्या, आणि एक सोडून तिसऱ्यातल्याही. ती एक राहिली तेव्हा त्यानं टाकणखार लावला, बत्ती पेटवली, आणि विझवली. ती कडी त्यानं नुसती दुमडली, चिमट्यानं, नीट, तोंडाला तोंड लावून. बाहेरून कुणाला कळलं नसतं. आपल्याला मात्र कायम कळणार, हे त्याला जाणवलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं एक कडी न झाळता सोडली होती.

संध्याकाळी त्यानं माळ लुमिंगसमोर ठेवली, भाजीच्या पाटीत, सोललेल्या लसणाशेजारी. तिनं हातातली सुरी खाली ठेवली. मग हात पुसून माळ उचलली, खिडकीशी नेली, आणि मण्यांवरून नव्हे, कड्यांवरून अंगठा फिरवू लागली, अगदी दोन्या सोलेदादसारखी. "फणस आणू का?" मेल्चोर म्हणाला. ती हसली नाही. "ही नुसती दुमडलीय," ती म्हणाली. तिला ते कसं कळलं हे त्यानं विचारलं नाही. एकतीस वर्षं भिंतीपलीकडून ती त्याची प्रत्येक फुंकर ऐकत आली होती. एक कमी पडली असणार. "म्हटलं," तो अडखळला, "पुढं कधी... म्हणजे तुझ्या वेळेला... लोकांना त्रास नको."

"माझ्या वेळेला? अरे बाबा, सदुसष्ट तुझं वय आहे. आडवा झालास की मोटारीसारखा घोरतोस. आधी नंबर तुझा."

"पण माळ तुझी आहे."

"माझी आहे म्हणूनच तुझ्या हातात गुंडाळीन. तुझी स्वतःची आहे कुठं? आयुष्यभर दुसऱ्यांच्याच केल्यास." मग तिनं हात पुढं केला. "नीट दाखवून ठेव कुठली ते. डोळे मिटून सापडली पाहिजे. उगाच चारचौघांत तुझा हात धरून ओढाओढ करायला लावू नकोस मला."

त्यानं तिचं बोट धरलं आणि त्या कडीवर ठेवलं. लसणाचा वास येत होता. दोघांनी बोटं तिथून काढायला जरा टाळाटाळ केली.

हिरवी माळ तिनं खिळ्याला टांगली, दिवे गेले तर उजेडाला म्हणून. आता रोज संध्याकाळी ती भिंतीपलीकडं जप करते, नव्या माळेवर, आणि मेल्चोर इकडं ठोकत बसतो. तिसऱ्या दशकात, सहाव्या मण्यानंतर, तिचा आवाज थांबतो. ती बोट अलगद उचलते, त्या कडीला धक्का न लावता पलीकडच्या मण्यावर ठेवते, आणि मग पुढं म्हणू लागते. तेवढा वेळ मेल्चोरही हातोडी वरच धरून ठेवतो.